पाड्यावरची विद्या पाड्यावरच्या मुलांपर्यंत: उपक्रम सुरू करण्यापूर्वी

आदिवासी भागात काम करणाऱ्या तरुण मंडळांकडून, शिक्षकांकडून आणि ग्रामसभेच्या सदस्यांकडून वारंवार येणारे प्रश्न बरेचसे सारखे असतात. आमच्या पाड्यावर तारपा वाजवणारे एकच आजोबा उरलेत, त्यांच्याकडून मुलांना शिकवायचं कसं? त्यासाठी संस्था नोंदवावी लागते का? पैसा कुठून आणायचा? भगतांनी सांगितलेली झाडपाल्याची माहिती वहीत उतरवली तर ती कोणाच्या मालकीची? बाहेरचे लोक चित्रीकरणाला येतात, त्यांना हो म्हणायचं की नाही?

हा लेख अशा तरुणांसाठी आणि त्यांना साथ देणाऱ्यांसाठी आहे. त्यातली उदाहरणं मुख्यतः पालघर, नाशिक, अहिल्यानगर, धुळे, नंदुरबार आणि गडचिरोली या जिल्ह्यांतली आहेत. तुमची जमात वारली असो, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, भिल्ल, कोरकू, कोलाम किंवा माडिया असो, रीतीभाती वेगळ्या असतील; उपक्रम उभा करताना येणाऱ्या अडचणी मात्र जवळपास त्याच असतात.

सुरुवात जाणत्या माणसांपासून करा

बहुतेक उपक्रम उलट्या टोकानं सुरू होतात. आधी नाव ठरतं, मग फलक आणि टीशर्ट येतात, उद्घाटनाला पाहुणे येतात. ज्यांच्याकडून शिकायचं ती आजी त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसलेली असते. असं करू नका.

पहिला महिना फक्त घरोघर फिरण्यात घालवा आणि तीन गोष्टी विचारा. तुमच्याकडे काय आहे? त्यातलं तुम्हाला कोणाला द्यावंसं वाटतं? आणि काय द्यायचं नाही? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. काही मंत्र, काही औषधं, काही विधी एका कुळापुरते किंवा एका शिष्यापुरते असतात. काही कथा ठरावीक रात्रीच सांगतात. काही गाणी लग्नविधी करणाऱ्या धवलेरीच्याच तोंडी शोभतात. तुमच्या उपक्रमाची हद्द इथेच ठरते, आणि ती ठरवण्याचा अधिकार त्या माणसांचा आहे.

फिरताना एक साधी यादी करा: व्यक्ती, तिला काय येतं, कोणत्या महिन्यात शिकवता येईल, घरातलं कोणी शिकायला तयार आहे का. बायकांची यादी वेगळी करा. नाहीतर पाड्यावरच्या बैठकीत पुरुष बोलतात आणि बियाणं कोण राखतं, रानभाजी कोण ओळखतं, लग्नाचा चौक कोण लिहितं हे कागदावर येतच नाही.

संस्था नोंदवण्याची घाई नको

पाड्यावर मुलांना गोळा करून आजोबांकडून तारपा शिकायला कोणत्याही नोंदणीची गरज नाही. अनुसूचित क्षेत्रात तर तुमच्याकडे त्याहून भक्कम आधार आहे. १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ प्रमाणे लोकांच्या परंपरा, चालीरीती, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपायला ग्रामसभा सक्षम आहे. महाराष्ट्रात या कायद्याचे नियम २०१४ मध्ये आले. ग्रामसभेनं ठराव करून आपली एक समिती नेमली की तुमच्या उपक्रमाला गावाची मान्यता मिळाली. ठरावात एवढं असू द्या:

- उपक्रमाचं नाव आणि तो कोणत्या पाड्यासाठी आहे
- समितीची नावं. त्यात निम्म्या बायका आणि किमान दोन जाणती वडीलधारी माणसं
- ध्वनिमुद्रण, चित्रीकरण किंवा संशोधनासाठी येणाऱ्या प्रत्येकानं ग्रामसभेची लेखी परवानगी घ्यावी, ही अट
- खर्चाचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवण्याची तारीख

तुमचा पाडा मोठ्या ग्रामपंचायतीत असेल आणि तिथल्या सभेत तुमचा आवाज पोहोचत नसेल, तर पाड्याला पेसा कायद्याखाली स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं. त्यासाठी पाड्यावरच्या मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. याला वेळ लागतो. तोवर उपक्रम थांबवू नका.

इथे एका गोष्टीबद्दल बराच गोंधळ आहे. पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातच लागू होतो. महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत अशी क्षेत्रं आहेत आणि रायगड त्यांत नाही. त्यामुळे रायगडमधल्या कातकरी वाड्यांना पेसाचा आधार घेता येत नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा आणि २००२ चा जैविक विविधता कायदा तिथेही लागू आहेत. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये जैवविविधतेशी व सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. मुलांना जंगलात नेऊन शिकवायचं असेल आणि वनरक्षक अडवत असेल, तर सामूहिक वनहक्काचा दाखला ही तुमची पहिली ढाल. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव अभ्यासगट चालवून आणि सर्वसहमतीनं निर्णय घेऊन शिकत आलं आहे. तुमचा दावा अजून दाखल नसेल तर उपक्रमाच्या बरोबरीनं तेही काम हाती घ्या. दाव्याच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य आणि हजर सदस्यांत एक तृतीयांश बायका लागतात, हे विसरू नका.

देणग्या किंवा सरकारी अनुदान स्वतंत्रपणे घ्यायचं ठरलं तरच संस्था नोंदणीचा विचार करा. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण, बदल अर्ज आणि धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या येतात. हा भार पेलणारं कोणी तुमच्यात नसेल तर ग्रामसभेच्या छत्राखाली काम करणं चांगलं. परदेशातून पैसा घ्यायचा तर वेगळी केंद्रीय नोंदणी लागते. ती नसताना परदेशी मित्रानं पाठवलेली लहान देणगीही घेऊ नका.

वेळापत्रक ऋतूनं ठरतं

चांगल्या हेतूचे बहुतेक उपक्रम इथेच फसतात. शहरातून आलेली मंडळी जानेवारीत शिबिर ठेवतात. त्या वेळी जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर घरांना कुलूप असतं, कारण दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. मोठी मुलं आश्रमशाळेत आणि धाकटी आईबापांबरोबर भट्टीवर. शिकवणारे नाहीत, शिकणारेही नाहीत.

पालघर-नाशिक पट्ट्यासाठी सोयीचं वर्ष साधारण असं बसतं:

- मे ते जूनचा पहिला आठवडा: माणसं परतलेली, मुलं सुट्टीवर. घरोघर फेरी, ग्रामसभा, बियाण्याची जुळवाजुळव. पहिल्या सरींच्या आगेमागे शेवळा येतो, आणि तो थोडेच दिवस असतो.
- जुलै ते सप्टेंबर: लावणीच्या धामधुमीत मोठ्या माणसांकडून वेळ मागू नका. रानभाज्यांची ओळख मात्र याच दिवसांत, कामाला जाता-येता होते. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये असतात.
- भात पिवळं पडू लागल्यापासून दिवाळीपर्यंत: तारप्याचा काळ. वाघबारस याच दिवसांतली. आश्रमशाळेतल्या मुलांची सुट्टीही याच वेळी येते, म्हणून वर्षातलं सगळ्यांत महत्त्वाचं शिकवणं इथे ठेवा.
- मार्गशीर्ष: कळवण, सुरगाणा, साक्रीकडे डोंगऱ्यादेवाचं व्रत. ज्या गावांत ते पाळतात तिथली तरुण मुलं आपोआप जाणत्यांबरोबर असतात. वेगळा कार्यक्रम आखू नका. मुलांना रजा मिळेल एवढं पाहा.
- होळी: सातपुड्यात स्थलांतरित माणसं होळीला हमखास परततात. नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगावकडच्या गावांनी आपलं वर्ष दिवाळीपेक्षा होळीभोवती बांधावं.

काही वाद्यं, काही गाणी हंगामाबाहेर वाजवायची नसतात अशी रीत आहे. मंत्र्यांचा दौरा फेब्रुवारीत आहे म्हणून तारपेकऱ्याला बोलावणं आलं आणि आजोबा नको म्हणाले, तर त्यांच्या बाजूनं उभे राहा. हंगाम पाळणं हाही त्या शिकवणीचा भाग आहे. तो सोडला तर मुलं फक्त सूर शिकतील.

एकच विषय निवडा

पहिल्या वर्षी सगळं जपायला जाऊ नका. एक विषय, एक किंवा दोन शिकवणारे, पाच-सात मुलंमुली पुरेत. कोणता विषय घ्यायचा हे तुमच्या यादीवरून ठरेल. तरी प्रत्येकाचे काही बारकावे सांगतो.

रानभाज्या आणि कंद. सुरुवातीला हा सगळ्यांत सोपा विषय, कारण शिकवणाऱ्या बायका प्रत्येक पाड्यावर आहेत. पण रानभाज्यांची ओळख म्हणजे नावांची यादी, असा समज होऊ देऊ नका. शेवळा नुसता शिजवला तर घसा खाजतो. त्यात काकडाची फळं घालावी लागतात. काही कडू कंद चकत्या करून उकळून वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाण्याजोगे होत नाहीत. खरी विद्या या कृतीत आहे आणि ती चुलीपाशी शिकावी लागते. म्हणून मुलांना खुडण्यापासून ताटापर्यंत सगळं करू द्या. कुठून किती खुडायचं आणि पुढच्या वर्षासाठी काय ठेवायचं हेही तिथेच कळतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात २००४ पासून वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं या गावानं आधी आपलं जंगल राखलं, म्हणून स्पर्धेला भाज्या मिळाल्या. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

बियाणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं गावठी बियाणं राखण्याचं काम सगळ्यांना माहीत आहे. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट ही की गावठी बियाणं डब्यात राहून टिकत नाही, दरवर्षी पेरून टिकतं. तुमच्या उपक्रमात प्रत्येक मुलाला किंवा मुलीला घरच्या परसात एक वाण जबाबदारीनं सांभाळायला द्या: एखादी गावठी घेवडा-वालाची जात, नागलीचा एखादा गरवा वाण, डांगर. सुगीनंतर घेतल्यापेक्षा जास्त बी परत आणायचं हा नियम करा. वाणाचं पाड्यावरचं नाव, ते कोणत्या जमिनीत येतं, कशासाठी राखतात हे आजीनं सांगितलेल्या शब्दांत लिहून ठेवा. शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि शिक्का न लावता विकण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं दिला आहे. जुना वाण गावाच्या नावावर नोंदवताही येतो आणि शेतकऱ्यांना त्यासाठी शुल्क नाही. उद्या एखाद्या कंपनीनं तोच वाण आपला म्हणून पुढे आणला तर ही नोंद उपयोगी पडेल.

तारपा आणि इतर वाद्यं. वाजवायला शिकवण्याआधी बनवायला शिकवा. तारप्यासाठी सुकवलेला लांबट भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण लागतं. भोपळ्याचं बी पावसाळ्याच्या तोंडाशी लावलं नाही तर त्या वर्षी वाद्यच होणार नाही. बाजारातून आणलेल्या वाद्यावर सुरुवात केली की पहिली फूट पडल्यावर उपक्रम बंद पडतो. श्वास न तोडता फुंकत राहणं मुलांना जमायला महिने लागतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून तारपेकरी तयार होत नाही हे पालकांना आणि पैसे देणाऱ्यांना आधीच सांगा. घांगळीचं तर आणखी अवघड आहे, कारण वाद्याबरोबर कणसरी या धान्यदेवीची लांबच लांब कथा यावी लागते. पाड्यावर घांगळी वाजवणारं कोणी असेल तर दुसरा विषय घेऊच नका. एक शिष्य मिळाला तरी पुरे.

वारली चित्र. इथे दोन वाटा आहेत आणि त्या आधीच वेगळ्या ओळखा. लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठानं लिहितात, धवलेरी गाते, त्यात पालघट देवी येते. हा विधी आहे. कागद-कापडावरची चित्रं, जी जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर गेली, ती उपजीविका आहे. दोन्ही शिकवण्यासारख्या आहेत. पण विक्रीसाठी शिकवताना मुलांना हेही सांगा की वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते मानांकन मालावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते, आणि तुमच्या कलाकारांनी ती करावी. चौक विकायचा की नाही, कोणती आकृती बाजारात न्यायची नाही, हे सवाशिणींना विचारा.

भाषा आणि गोष्टी. कोणताही विषय घेतलात तरी शिकवणं पाड्याच्या बोलीत होऊ द्या. वारली, कोकणी, पावरी, गोंडी, कोरकू यांतले झाडांचे, पावसाचे, नात्यांचे शब्द शाळेच्या मराठीत आणता आणता गळून पडतात. मुलांनी ते देवनागरीत जसे ऐकू येतात तसे लिहावेत. शुद्धलेखन तपासत बसू नका. आपली भाषा आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २९ नं दिलेला आहे. त्यामुळे बोलीत बोलतो म्हणून मुलाला गप्प करणाऱ्या शिक्षकाला तुम्ही शांतपणे पण ठामपणे अडवू शकता.

काय नोंदवायचं, काय नाही

मोबाइल हातात असल्यामुळे रेकॉर्डिंगचा मोह लगेच होतो. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या हंगामात कॅमेरा बाहेर काढूच नये. कॅमेरा आला की आजी मुलांकडे पाहायची सोडून त्याच्याकडे पाहते, आणि मुलंही आपलं लक्षात ठेवणं यंत्रावर सोडतात. पुढे नोंदवायचं ठरलं तर आधी बोलीत समजावून परवानगी घ्या. सही येत नसेल तर अंगठा किंवा तोंडी परवानगीचंच रेकॉर्डिंग चालेल. त्यात या गोष्टी स्पष्ट हव्यात:

- नोंद कुठे राहील आणि ती कोण ऐकेल: फक्त घर, पाडा, की सगळं जग
- यूट्यूबवर टाकायची का. टाकल्यास पैसे कोणाला
- नाव द्यायचं की नाही
- मन बदललं तर काढून टाकायचा हक्क
- माणूस गेल्यावर निर्णय कोणी घ्यायचा

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाचे आपल्या सादरीकरणावर कायदेशीर हक्क असतात. स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे त्याच्या संमतीशिवाय ते मुद्रित करता येत नाही आणि हे हक्क ५० वर्षं राहतात. लोकगीत जुनं आहे, त्याचा कोणी मालक नाही, म्हणून कोणीही मुद्रित करावं, असं बाहेरचा निर्माता सांगेल. गाणं समूहाचं असलं तरी तो गळा त्या आजीचा आहे.

औषधी ज्ञानाचं प्रकरण अधिक नाजूक. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ही वही बाहेरच्या माणसानं दोन दिवसांत भरून दिलेली असते. तुमच्या मुलांनी ती मागून घ्यावी, वाचावी, दुरुस्त करावी. यापेक्षा चांगला अभ्यास नाही. पण तिच्यात कोणती वनस्पती आहे हे लिहिणं वेगळं आणि ती कशी, किती, कशात मिसळून देतात हे लिहिणं वेगळं. दुसरी गोष्ट जाणत्यानं सांगितली नाही तर लिहू नका, आणि सांगितली तरी ती गोपनीय ठेवायची नोंद करून घ्या. तुमच्या भागातल्या जैविक संपत्तीच्या व्यापारी वापरासाठी समिती शुल्क आकारू शकते. संबंधित ज्ञानाच्या वापराबद्दल निर्णय घेताना राज्य मंडळानं समितीचा सल्ला घ्यायचा असतो. जैविक विविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं ग्रंथांत लिहिलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटणीतून सूट मिळाली. तोंडी परंपरेतलं ज्ञान त्या सुटीत नाही. सगळं उघड्यावर छापून टाकण्याची घाई करू नये, याला हे एक ठोस कारण आहे.

आश्रमशाळेत शिकणारी मुलं

सहाव्या-सातव्या वर्षी मूल निवासी शाळेत जातं आणि घरी येतं ते दिवाळीत आणि मे महिन्यात. विद्या तुटण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. मुलांना आवड नाही असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. उपक्रमाचा अर्धा भार शाळेत न्यावा लागेल.

मुख्याध्यापकांशी बोला, शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा, आणि लेखी परवानगी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडून घ्या. अर्जात मागणी नेमकी असू द्या: महिन्यातले दोन शनिवार, दोन तास, पाड्यावरच्या दोन जाणत्या व्यक्ती, शाळेच्या आवारातली परसबाग. मोघम अर्ज फायलीत पडून राहतात. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था शिक्षकांसाठी आणि कलांसाठी कार्यक्रम घेते. तिच्याशी संपर्क ठेवा. नर्मदेकाठच्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीतून आणि परिसरातून शिकवून दाखवलं आहे, तिथले शिक्षक तुमच्या शिक्षकांना भेटले तर बरंच काही सोपं होईल.

पैसा

खर्च फार नसतो, पण एका बाबतीत काटकसर करू नका: शिकवणाऱ्याचं मानधन. दिवसभर शिकवणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा कमी मानधन देऊ नका, आणि ते पाकिटात घालून मंचावर देण्यापेक्षा ठरल्या दिवशी हातात द्या. शाल-श्रीफळावर भागवणं हे अपमानकारक आहे.

पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. २०१५ पासून ही व्यवस्था आहे. शिक्षण, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, जंगल आणि वन उपजीविका हे त्यातले विषय आहेत. तुमचा उपक्रम त्यांपैकी एकात बसवून आराखड्यात घालावा लागतो. निधी किती आला, किती शिल्लक आहे हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. ग्रामसेवक किंवा पेसा मोबिलायझर सांगत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. वाद्यकला आणि गायनासाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची गुरु-शिष्य परंपरा योजना आहे, ती नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रामार्फत चालते. गुरू आणि शिष्य दोघांनाही तिच्यात मासिक विद्यावेतन असतं. वयोवृद्ध कलाकारांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. तुमच्या तारपेकरी आजोबांचा, धवलेरी आजीचा अर्ज भरून देणं हे तरुण मंडळाचं पहिलं काम असावं.

अडचणी कुठे येतात

*मंचावरचा नाच.* स्नेहसंमेलन, आदिवासी दिन, रिसॉर्टमधला कार्यक्रम यांसाठी मुलांना झटपट बसवलं जातं. कधीतरी केलं तर हरकत नाही. पण वर्षाचं काम त्यासाठी वळवू नका. रिसॉर्टवाल्यांशी बोलताना मानधन, जाण्यायेण्याची सोय आणि मुलींची सुरक्षितता लेखी ठरवा.

*उपचार.* वनस्पती शिकवा, पण मुलांना वैद्यकी करायला लावू नका. साप चावल्यास थेट रुग्णालय, हे भगतांच्याच तोंडून मुलांना ऐकवा. त्यांना आधी विश्वासात घेतलं तर ते हे आनंदानं सांगतात.

*शिकार.* माग काढणं, आवाज ओळखणं, जनावराच्या सवयी हे सगळं शिकवता येतं. प्रत्यक्ष शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे आणि वनहक्क कायद्यानंही शिकार हक्कांतून वगळली आहे. एका सशापायी तरुणांवर गुन्हे दाखल होतात.

*शाळा आणि उपक्रम यांतला फरक.* गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण विभागानं मान्यतेचा प्रश्न उभा केला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. मोहगावची भूमिका मला न्याय्य वाटते. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे माहीत असूनच त्या वाटेला जा. तुमचा उपक्रम शाळेच्या वेळेबाहेर असेल, मुलांची नावं नियमित शाळेच्या पटावर असतील, आणि कागदपत्रांत तुम्ही स्वतःला शाळा म्हणवत नसाल, तर हा प्रश्न येत नाही.

*मुली.* काही वाद्यं आणि विधी पुरुषांचेच, असं ऐकायला मिळेल. विधीबद्दल वाद घालू नका. वाद्य बनवणं, सूर, गोष्टी, जंगल, बियाणं यांत मुलींना अर्धी जागा असलीच पाहिजे आणि त्याबद्दल तडजोड करू नका. म्हाताऱ्या बायकांना विचारून पाहा, त्यांचा पाठिंबा बऱ्याचदा मिळतो.

*श्रद्धेचे गट.* पाड्यावर काही घरं एका पंथात, काही दुसऱ्यात गेलेली असतात. देवाच्या विषयापासून सुरुवात केली तर अर्धी मुलं येत नाहीत. बियाणं आणि रानभाजी सगळ्यांची असते, म्हणून तिथून सुरू करा.

*बाहेरचे संशोधक आणि चित्रपटवाले.* त्यांना आल्या पावली नाही म्हणू नका. ग्रामसभेपुढे या, बोलीत समजावून सांगा, काम झाल्यावर प्रत पाड्यावर द्या, एवढ्या अटी घाला. ज्यांना खरंच काम करायचं असतं ते थांबतात.

आता काय करायचं

१ मेची ग्रामसभा या कामाला सगळ्यांत सोयीची, कारण भट्टीवरची माणसं परतू लागलेली असतात आणि पेरणी अजून दूर असते. विषयपत्रिकेत तुमचा विषय यावा म्हणून एप्रिलमध्येच ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. सभेला शिकवणाऱ्या आजी-आजोबांना बरोबर न्या, पुढे बसवा, आणि प्रस्ताव त्यांनाच मांडू द्या.